उपहासाची कादंबरी आणि तिची टीव्ही मालिका शेजारी-शेजारी ठेवून कशी बघायची: ‘व्हॅनिटी फेअर’ घेऊन एकेक पायरी

जुनी गाजलेली कादंबरी टीव्हीवर आली की आपण दोनपैकी एक वाक्य बोलतो, "पुस्तकच भारी होतं" नाहीतर "काय सुंदर केलीय, ते कपडे, ते वाडे!" मीही बरीच वर्षं हेच म्हणायचे. मग आमच्या चार-पाच जणींच्या वाचनगटात आम्ही उपहासात्मक कादंबऱ्या घ्यायला लागलो आणि मला जाणवलं की इथे ही दोन्ही वाक्यं अपुरी पडतात, कारण अशा कादंबरीतलं सगळ्यात मोठं पात्र म्हणजे ती सांगणारा माणूस, निवेदक. नायिका खोटं बोलते, सासरा पैसे दाबून ठेवतो, मेजर प्रेमात झुरतो हे सगळं कॅमेऱ्याला दाखवता येतं, पण ते सांगताना निवेदक कुणाची कड घेतोय, कुठे मुद्दाम गप्प बसतोय, कुठे वाचणाऱ्यालाच कोपरखळी मारतोय हे कॅमेऱ्यात आपोआप येत नाही. ते निसटलं की हातात उरते नुसती लग्न-वारसा-भांडणाची गोष्ट.

म्हणून मालिका बघताना मी आता एकच प्रश्न धरून बसते: सांगणाऱ्याचा आवाज इथे कुठे गेला? त्याचं उत्तर कसं शोधायचं ते खाली सविस्तर लिहितेय. तुम्ही नुसते प्रेक्षक असाल तरी उपयोग होईल, आणि स्वतः पटकथा लिहायची इच्छा असेल तर शेवटचा भाग नक्की करून बघा.

पायरी १: एकच कादंबरी निवडा, पण तिची रूपांतरं दोन-तीन तरी असू द्या

एकच मालिका बघितली की जे केलंय तेवढंच शक्य होतं असं वाटतं. दुसरी बघितली की मगच कळतं की पहिलीत प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बसून निर्णय घेतलेला होता. माझी शिफारस सरळ आहे, विल्यम मेकपीस थॅकरेची ‘व्हॅनिटी फेअर’ घ्या. कॉपीराइट कधीच संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्ग ह्या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर पूर्ण मजकूर फुकट आहे. ब्रिटिश टीव्हीने ती पुन्हा पुन्हा केलीय: बीबीसीची १९६७ ची, सुझन हॅम्पशायर बेकीच्या (बेकी शार्प, कादंबरीची गरीब पण धूर्त नायिका) भूमिकेत, जिला त्यासाठी पुढे अमेरिकेत एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, १९८७ ची सोळा भागांची, ईव्ह मॅथेसनची, १९९८ ची सहा भागांची, अँड्र्यू डेव्हिसच्या पटकथेवर, नताशा लिटलची, आणि आयटीव्हीची २०१८ ची सात भागांची, ग्वेनेथ ह्यूजेसने लिहिलेली, ऑलिव्हिया कुकची. मीरा नायरचा २००४ चा सिनेमाही आहे, ज्यात शेवटी बेकी चक्क भारतात येऊन पोचते, पण तो आज बाजूला ठेवूया, आपला विषय मालिका.

आपल्याला ही कादंबरी जवळची वाटायला आणखी एक कारण आहे. थॅकरे जन्मला कलकत्त्यात, १८११ साली, वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आणि अगदी लहान असताना त्याला इंग्लंडला पाठवून दिलं. कादंबरीत हिंदुस्थान सतत मागे घुटमळत असतो, बेकीच्या मैत्रिणीचा, अमेलियाचा, भाऊ जोस सेडली बंगालमध्ये कलेक्टर आहे, अमेलियावर मनातून प्रेम करणारा लष्करी अधिकारी डॉबिन पलटणीबरोबर मद्रासला जातो, पैसा तिकडून येतो, शाली तिकडून येतात. (प्रबोधनकार ठाकऱ्यांनी आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग ह्याच लेखकाच्या नावावरून घेतलं असं सांगितलं जातं.)

पायरी २: हप्त्या-हप्त्याने वाचा, एका दमात नको

पुस्तक जाडजूड आहे, ६७ प्रकरणं. पण ती एका दमात वाचण्यासाठी लिहिलीच नव्हती. जानेवारी १८४७ ते जुलै १८४८ अशी दर महिन्याला पिवळ्या कव्हरची एक पुस्तिका निघायची, किंमत एक शिलिंग, असे १९ अंक, शेवटचा जोडअंक. म्हणजे ही मुळातच मालिका होती! वाचक महिनाभर थांबायचे, बेकीचं पुढे काय होणार ह्यावर बोलायचे. तेव्हा तुम्हीही आठवड्याला सहा-सात प्रकरणं ठेवा, दहा आठवड्यांत होतं. आम्ही रविवारी दुपारी भेटायचो आणि प्रत्येकीने एक तरी परिच्छेद मोठ्याने वाचायचा असा नियम ठेवला होता, कारण हा लेखक कानाने जास्त कळतो.

वेळ अगदीच नसेल तर निदान एवढं वाचा: सुरुवातीची छोटी प्रस्तावना, मग पहिली सहा प्रकरणं, आठवं (बेकीचं पत्र), चौदावं आणि पंधरावं, २९ ते ३२ (ब्रसेल्स आणि वॉटर्लू), ३६ आणि ३७ (पैसे नसताना थाटात कसं राहायचं), ५१ ते ५५, मग ६४ आणि ६७. प्रस्तावना वगळू नका हं. तिच्यात लेखक स्वतःला जत्रेतल्या खेळाचा चालक म्हणवतो आणि आपल्या पात्रांना बाहुल्या, आणि कादंबरीच्या शेवटच्या ओळीत तो मुलांना सांगतो की चला, बाहुल्या पेटीत घाला, खेळ संपला. आपल्याकडे कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनी बघितलाय त्यांना हे लगेच कळेल, बाहुलीवाला दिसत नाही पण दोऱ्या सगळ्या त्याच्या बोटात.

शक्य असेल तर चित्रं असलेली आवृत्ती मिळवा. चित्रं थॅकरेने स्वतः काढलेली आहेत आणि ती नुसती शोभेची नाहीत. शेवटच्या प्रकरणात जोस मरतो, त्याचा आयुष्याचा विमा असतो आणि त्या पैशात बेकीचा वाटा असतो. तिने काही केलं का? मजकूर स्पष्ट काही म्हणत नाही. पण एका चित्रात आजारी जोस डॉबिनला काकुळतीने विनवतोय आणि मागे पडद्याआड बेकी उभी आहे, आणि चित्राखाली लिहिलंय की क्लायटेम्नेस्ट्राच्या भूमिकेत बेकीचं हे दुसरं दर्शन. क्लायटेम्नेस्ट्रा म्हणजे ग्रीक कथेतली नवऱ्याला मारणारी राणी, आणि ५१ व्या प्रकरणात बेकीने तिच्यावर मर्जी असलेल्या श्रीमंत उमरावाच्या, लॉर्ड स्टेनच्या, घरच्या खेळात तीच भूमिका केलेली असते. शिवाय विम्याच्या प्रकरणात बेकीचे जे वकील आहेत त्यांची नावं बर्क, थर्टेल आणि हेज, आणि हे तिघंही तेव्हाच्या इंग्लंडला माहीत असलेल्या खुन्यांची नावं! १८४८ च्या वाचकाच्या अंगावर काटा आला असणार, आजच्या प्रेक्षकाला ही नावं म्हणजे नुसती तीन आडनावं. मालिका करणाऱ्याने इथे काय करायचं? हा प्रश्न वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

पायरी ३: तीन रंगांच्या पेन्सिली

वाचताना निवेदकाच्या खुणा करत जायच्या, मी तीन रंग वापरते.

हिरवा रंग, जिथे तो थेट आपल्याशी बोलतो. सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला तो सांगतो की ही व्हॉक्सहॉल बागेतली गोष्ट मला उमरावी थाटातही लिहिता आली असती, अद्भुतरम्यही, विनोदीही. आणि त्याच प्रकरणात जोस तिथे पंच नावाची दारू जास्त पितो, बेकीला लग्नाची मागणी घालायची राहून जाते, तेव्हा निवेदक म्हणतो की तो रॅक पंचचा वाडगाच ह्या सगळ्या इतिहासाचं कारण. (रॅक म्हणजे अरक, दारूचं हे नावही पूर्वेकडूनच गेलेलं.)

लाल रंग, जिथे तो म्हणतो एक आणि अर्थ निघतो भलताच. एखाद्या माणसाचं कौतुक करताना सगळं कौतुक त्याच्या जमिनीचं, बग्गीचं, बँकेतल्या पैशाचंच असेल तर लाल रेघ मारा. मिस क्रॉलीच्या (बेकीच्या नवऱ्याची, रॉडनची, श्रीमंत आत्या) प्रकरणांत तर पान लाल होऊन जाईल, म्हातारीकडे पैसा आहे म्हणून सगळं गणगोत तिच्या तब्येतीची चौकशी करतंय आणि निवेदक ते अगदी गोड आवाजात सांगतोय.

निळा रंग सगळ्यात महत्त्वाचा, जिथे तो सांगायचं नाकारतो. वॉटर्लूच्या लढाईची जागा बघा. ३० व्या प्रकरणात तो स्पष्ट सांगतो की आम्ही लढाईवर लिहिणारे कादंबरीकार नाही, आमची जागा न लढणाऱ्यांत. मग आपण ब्रसेल्समध्येच राहतो, लांबून तोफा ऐकू येतात, जोस घाबरून पळायची तयारी करतो आणि बेकी त्याला अव्वाच्या सव्वा किमतीत घोडे विकते, पानंच्या पानं हा गोंधळ, आणि ३२ व्या प्रकरणाच्या अगदी शेवटच्या वाक्यात, अमेलिया नवऱ्यासाठी, जॉर्जसाठी, प्रार्थना करतेय आणि जॉर्ज तिकडे मैदानात पालथा पडलाय, छातीत गोळी, मेलेला. एवढंच! लढाई नाही, शौर्य नाही, एका वाक्याच्या शेपटीला मरण. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

दुसरी निळी जागा ६४ व्या प्रकरणाच्या सुरुवातीला. बेकी आता बदनाम होऊन युरोपात भटकतेय आणि निवेदक तिला जलपरीची उपमा देतो: पाण्याच्या वर ती गाते, केस विंचरते, हसते, पण पाण्याखाली तिची शेपटी काय काय उद्योग करते ते मी दाखवलं का? सभ्यपणा सोडला का मी? ज्यांना बघायचंय त्यांनी पाण्यात डोकावून बघावं. हा परिच्छेद तीन-चारदा वाचा. अख्ख्या कादंबरीची पद्धत त्यात आहे, सभ्य समाजाला वाईट गोष्टींचा त्रास नाही, त्यांचं नाव घेतलं की त्रास होतो.

पायरी ४: तक्ता

पेन्सिलीच्या खुणांमधून दहा-बारा जागा निवडा आणि एका मोठ्या कागदावर तक्ता करा. पहिल्या रकान्यात प्रसंग, दुसऱ्यात पुस्तकात निवेदक तिथे काय करतो, आणि मग प्रत्येक मालिकेला एक रकाना. त्या रकान्यात एवढंच लिहायचं की निवेदकाचं काम इथे कुणी केलं. कुणी म्हणजे? पडद्यावर उभा केलेला निवेदक असू शकतो, मागून येणारा आवाज असू शकतो, पात्राने थेट कॅमेऱ्यात बघणं असू शकतं, संगीत असू शकतं, एका दृश्यावरून दुसऱ्यावर उडी मारणं म्हणजे कट असू शकतो, किंवा मागे उभ्या असलेल्या नोकराचा चेहरा. आणि कुणीच केलं नसेल तर सरळ "कुणीच नाही" लिहा. कथानकातले फरक (हे पात्र गाळलं, तो प्रसंग आधी आणला) ह्या तक्त्यात घेऊ नका. आम्ही पहिल्या वेळी घेतले आणि तीन पानं भरली पण आवाजाबद्दल एक ओळ नव्हती.

पायरी ५: आधी १९९८, मग २०१८

मालिका कुठे मिळतात ते देशानुसार आणि वर्षानुसार बदलत राहतं, म्हणून वाचायला सुरुवात करतानाच शोधून ठेवा, स्ट्रीमिंगवर नसेल तर डीव्हीडी.

१९९८ ची आधी बघा असं म्हणते कारण तिच्यात निवेदक नाहीच. डेव्हिसने आणि दिग्दर्शक मार्क मंडनने त्याचं काम इतरांना वाटून दिलंय, मुख्य म्हणजे मरे गोल्डच्या संगीताला. एरवी अशा मालिकेत व्हायोलिन-पियानो अपेक्षित असतं, इथे पितळी वाद्यांचा कर्कश, किंचित बेसूर बँड वाजतो, लग्नाच्या वरातीतला बँड थोडा बिघडला तर कसा वाजेल तसा. सुंदर दिवाणखाना, उंची कपडे आणि त्यावर हा बँड! तुम्ही दृश्याकडे आदराने बघायला लागलात की बँड तुम्हाला बघू देत नाही. लाल पेन्सिलीचं जवळपास सगळं काम मला इथे संगीतात सापडलं, आणि म्हणून ही मालिका माझी सगळ्यात आवडती आहे हे आत्ताच सांगून टाकते.

२०१८ मध्ये बरोब्बर उलटा निर्णय. नट मायकेल पेलिन स्वतः थॅकरे म्हणून भागाच्या सुरुवातीला येतो, जत्रेतला फिरता पाळणा आहे, लाकडी घोड्यांवर पात्रं गोल गोल फिरतायत, आणि तो आपल्याला ह्या जगाची ओळख करून देतो. म्हणजे प्रस्तावनेतला खेळाचा चालक सरळ उचलून पडद्यावर आणला. शिवाय ऑलिव्हिया कुकची बेकी मधूनच कॅमेऱ्यात बघते, आपल्याला सामील करून घेते. पहिल्यांदा मला हे फार आवडलं. पण तक्ता भरताना लक्षात आलं की ह्याने मूळ रचनेत एक मोठा बदल होतो. पुस्तकात आपलं साटंलोटं निवेदकाशी असतं, बेकी कधीच आपल्या विश्वासात येत नाही, तिच्या मनात नक्की काय हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. ती आपल्याकडे बघायला लागली की ती आपली मैत्रीण होते, आणि मैत्रिणीवर संशय घेणं कठीण जातं. मला तरी हा बदल महागात पडलाय असं वाटतं, गटातल्या दोघींना वाटत नाही, आणि त्यावर आमचा एक अख्खा रविवार गेला.

१९८७ ची ज्यांच्याकडे सवड आहे त्यांनी बघावी, सोळा भाग म्हणजे पुस्तकाच्या चालीच्या सगळ्यात जवळ, बारीक पात्रांनाही जागा मिळते.

पायरी ६: पाच प्रसंग, रिमोट हातात घेऊन

आता पूर्ण मालिका सलग बघून झाली की हे पाच प्रसंग परत काढा, एका मालिकेतला बघायचा, लगेच दुसरीतला.

डिक्शनरी. पहिल्या प्रकरणाचा शेवट. चिझिकच्या शाळेतून बेकी बाहेर पडतेय, मोठ्या बाईंनी तिला डॉक्टर जॉन्सनची डिक्शनरी द्यायची नाही असं ठरवलंय, धाकट्या बाईंना दया येते, त्या धावत येऊन गाडीच्या खिडकीतून देतात, आणि बेकी ती फेकून देते. बघायचं काय, तर धाकट्या बाईंचा चेहरा किती वेळ दाखवलाय. पुस्तकात त्या भल्या बाईला बसलेला धक्का आपल्याला दिसतो, म्हणजे बेकीच्या बंडाची किंमत पहिल्याच प्रकरणात एका निरुपद्रवी बाईने मोजली. कॅमेरा फक्त बेकीच्या हसण्यावर राहिला तर बंड तेवढं उरतं, किंमत गायब.

मिरची. हा आपल्या लोकांचा प्रसंग! तिसऱ्या प्रकरणात सेडलींच्या घरी जोससाठी आईने खास करी केलीय. बेकीला जोसशी लग्न जमवायचंय म्हणून हिंदुस्थानातलं सगळं मला आवडतं असं दाखवत ती करी खाते आणि डोळ्यांत पाणी येतं. जोस म्हणतो, बरोबर चिली घेऊन बघा. इंग्रजीत चिली म्हणजे थंडगार असाही कानाला भास होतो, तिला वाटतं काहीतरी गारेगार असेल, आणि ती अख्खी मिरची तोंडात टाकते. नंतर पाणी पाणी! जोस आणि त्याचे वडील खो-खो हसतात. नीट बघितलं तर इथे प्रत्येकाचं हसं होतंय, कंपनीच्या नोकरीत जाऊन आलेल्या जोसच्या बडेजावाचं, बेकीच्या खोट्या आवडीचं, आणि लोकांना त्रास झाला की हसणाऱ्या म्हाताऱ्याचं. मालिकेत बहुतेक वेळा हसू फक्त बेकीवर येऊन थांबतं. तुमच्या रकान्यात लिहा: कोण कोण हसण्याच्या तावडीत सापडलं?

वॉटर्लू. निळ्या पेन्सिलीची मोठी परीक्षा. २०१८ च्या मालिकेने लढाई दाखवली, घोडे, धूर, सैनिक. ते का केलं हे मी समजू शकते, वॉटर्लू म्हटल्यावर प्रेक्षकाला लढाई हवी असते आणि निर्मात्यालाही जाहिरातीत ती लागते. पण पुस्तकातला घाव बसतो तो न दाखवल्यामुळे. बघताना एक प्रयोग करा, लढाईची दृश्यं पुढे ढकला, फक्त ब्रसेल्समधली दृश्यं सलग बघा, आणि मग जॉर्जचं मरण. फरक तुमचा तुम्हाला कळेल.

स्टेनची रात्र. ५३ वं प्रकरण. कर्जापायी अटकेत पडलेला रॉडन बायकोला, म्हणजे बेकीला, पत्र लिहितो की मला सोडव, ती उत्तर पाठवते की मी आजारी आहे, शेवटी भावजय लेडी जेन त्याला सोडवते. तो रात्री घरी येतो तर खिडक्यांत लख्ख दिवे, आतून गाणं, आणि हिरे घातलेली बेकी लॉर्ड स्टेनबरोबर. ती ओरडते की मी निर्दोष आहे. रॉडन स्टेनला मारतो, हिऱ्याचा दागिना ओढून त्याच्या कपाळावर फेकतो. आणि नंतर निवेदक आपल्यालाच विचारतो की ती दोषी होती की नव्हती? उत्तर देत नाही. कॅमेऱ्याची इथे फार पंचाईत होते, तो खोलीत आधी शिरला तर त्याने सगळं बघितलंच! म्हणून बघा, रॉडनच्या आधी कॅमेरा खोलीत आहे की त्याच्याबरोबर जिना चढतोय? एवढ्या एका निर्णयावर तो प्रश्न जिवंत राहतो किंवा मरतो. आणखी एक, मारामारीच्या मध्येच एक छोटं वाक्य आहे की बेकीला त्या क्षणी नवऱ्याचं कौतुक वाटलं, बलवान, शूर, विजयी. ह्या वाक्याला संवाद नाही, फक्त नटीचा चेहरा आहे, तिथे पॉज करून बघा.

शेवट. जोसचं मरण, विमा, ते तीन वकील. वहीतला प्रश्न आता काढा. मालिका संशय कशावर सोडते, कुठल्या नजरेवर, कुठल्या वस्तूवर, की संशय सोडूनच देते?

पायरी ७: एकदा आवाज बंद, एकदा डोळे बंद

कुठलाही एक भाग घ्या, दहा मिनिटं आवाज बंद करून बघा, मग तीच दहा मिनिटं डोळे मिटून ऐका. आवाज बंद केल्यावर नुसतं सुंदर चित्र उरलं तर उपहास संवादात किंवा संगीतात आहे, आवाजाशिवायही खटकत राहिलं तर तो मांडणीत आहे.

पायरी ८: जे जुनं झालंय आणि जे चुकीचंच होतं, ते वेगळं करा

वर्षाला पाच हजार पौंड मिळाले तर मीही चांगली बाई होऊ शकेन, असं बेकीला एके ठिकाणी वाटतं, हे आजही कळतं. पण मिस स्वार्ट्झ ही वेस्ट इंडिजहून आलेली श्रीमंत वारस, तिच्या रंगावरून पुस्तकात जे हसू काढलंय ते वाचताना त्रास होतो. तिच्या पैशासाठी तिच्यापुढे गोंडा घोळणाऱ्या लंडनकरांवर टीका आहे हे खरं, पण लेखक स्वतःही तिच्यावर हसतो हेही तेवढंच खरं, आणि दोन्ही एकदम मान्य केलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मालिकांमध्ये मिस स्वार्ट्झला किती वाक्यं दिलीत, ती कुणाकडे बघते, हे मोजा.

पायरी ९: दुसऱ्या कादंबऱ्यांवर हीच पट्टी लावून बघा

जोनाथन स्विफ्टची ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ १७२६ ची, तिथे गलिव्हर स्वतःच सांगतो आणि त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा हाच खेळ आहे. १९९६ च्या टेड डॅन्सनच्या मालिकेने फार हुशारीने ते सोडवलं: गलिव्हर घरी परत आलाय, लोक त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतात आणि तिथे तो आपले प्रवास सांगतो. लिलिपुटवर न थांबता चारही प्रवास घेतले हे आणखी विशेष. जोसेफ हेलरची ‘कॅच-२२’ १९६१ ची, पुस्तकात काळ गोल गोल फिरतो, तेच मरण पुन्हा पुन्हा थोडं थोडं उघडत जातं, आणि २०१९ च्या सहा भागांच्या मालिकेने तो बराचसा सरळ रेषेत लावला, समजायला सोपं झालं पण चक्रात अडकल्याची घुसमट कमी झाली. अँथनी ट्रोलपची ‘द वे वी लिव्ह नाऊ’ २००१ मध्ये बीबीसीने चार भागांत केली, तीही डेव्हिसचीच पटकथा, डेव्हिड सूशेचा मेलमॉट बघण्यासारखा, रेल्वेचे शेअर विकणारा बडा आसामी, आणि सगळं लंडन त्याच्या जेवणावळीला.

आणि आपलं घरचं उदाहरण, चिं. वि. जोशींचा चिमणराव. कादंबरी नाही, कथा आहेत, पण अडचण तीच, चिमणराव स्वतःच आपली फजिती अगदी गंभीरपणे सांगतो आणि हसू त्या गंभीरपणात आहे. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी ते अंगावर घेतलं, तो भाबडा, ताठ चेहरा म्हणजेच निवेदन.

पायरी १०: एक प्रसंग स्वतः लिहा

पटकथा लिहायची असेल तर रॅगल्सचा प्रसंग घ्या, ३७ व्या प्रकरणातला. रॅगल्स हा मिस क्रॉलीकडचा जुना बटलर, आयुष्यभर पैसे साठवून त्याने भाजी-किराण्याचं दुकान टाकलं, मग कर्झन स्ट्रीटवरचं २०१ नंबरचं घर घेतलं आणि क्रॉली घराण्याचा माणूस म्हणून विश्वासाने रॉडन-बेकीला भाड्याने दिलं. ते भाडं देत नाहीत. किराणा, भाजी, कोळसा, सगळं उधार. वरती पार्ट्या चालतात, आपण बेकीच्या चतुराईवर खूश असतो, आणि निवेदक मध्येच शांतपणे सांगतो की हा माणूस पार बुडाला, मुलं रस्त्यावर आली, तो कर्जापायी तुरुंगात गेला, कारण फुकट राहणाऱ्यांचे पैसेही कुणाला तरी भरावेच लागतात.

हा मजकूर तीन प्रकारे लिहा. एकदा मागून येणाऱ्या आवाजाने. एकदा रॅगल्सला संवाद देऊन, तो बेकीकडे भाडं मागायला येतो आणि ती त्याला गोड बोलून परत पाठवते. आणि तिसऱ्यांदा एकही शब्द न वापरता. तिसरा सगळ्यात अवघड आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. मी लिहिला तेव्हा असा केला: पार्टीची चार दृश्यं, चार वेगवेगळ्या रात्री, प्रत्येक वेळी रॅगल्स मागे ट्रे घेऊन उभा. पहिल्या रात्री त्याचा कोट नवा आहे आणि तो अभिमानाने पाहुण्यांकडे बघतोय, दुसऱ्या रात्री ट्रे तोच पण चांदीचा चमचा एक कमी, तिसऱ्या रात्री कोटाचं बटण तुटलंय आणि तो पाहुण्यांकडे न बघता टेबलावर उरलेल्या मांसाकडे बघतोय. चौथ्या रात्री पार्टी तशीच, बेकी गातेय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि ट्रे दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात.